परंपरा भाड्याने मिळेल

ऑगस्ट 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. लंडनच्या गादीवरच्या राजाने स्कॉटलंडात पाऊल टाकण्याची सुमारे 170 वर्षांतली ही पहिलीच वेळ. स्वागताची सूत्रं कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्याकडे होती, आणि मांडवाचं कंत्राट कादंबरीकाराला दिलं की काय होतं ते त्या पंधरवड्यात सगळ्या शहराने पाहिलं. नृत्याच्या मेजवानीला मंडळींनी हायलँडचा, म्हणजे डोंगराळ स्कॉटलंडचा, प्राचीन पोशाख करून यावं, असं स्कॉट यांनी कळवलं. एडिंबराच्या सभ्य गृहस्थांच्या लेखी किल्ट, म्हणजे पुरुषांचा तो चुणीदार घागरा, हा डोंगरातल्या गुरंचोरांचा वेश. पण राजा येतोय म्हटल्यावर जो तो शिंप्याकडे धावला आणि आपला एखादा खापरपणजोबा डोंगरातला निघतो का, याची घरोघर चौकशी सुरू झाली. राजानेही पोशाख शिवून घेतला. बिल झालं 1,354 पौंड. देह अघळपघळ, किल्ट गुडघ्यांच्या बराच वर आणि आत गुलाबी तंग विजार. महाराज इतक्या थोड्या दिवसांसाठी आलेत, तेव्हा त्यांचं जितकं दर्शन घडेल तितकं बरं, असं एक दरबारी बाई म्हणाल्याचं सांगतात.

सात वर्षांनी डेव्हिड विल्की या चित्रकाराने याच पोशाखातलं राजाचं चित्र रंगवलं. त्यात पोट आटोक्यात आलंय, पाय सडपातळ झालेत आणि गुलाबी विजार साफ गायब आहे. फोटोशॉप निघायच्या दीडशे वर्षं आधीची ही गोष्ट.

हे सगळं आठवायचं कारण, आमच्या भाचीने ग्लासगोहून फोनवर जाहीर केलं, “मामा, लग्न अगदी पारंपरिक स्कॉटिश पद्धतीने करणार आहोत.” मुलगा तिकडचाच. मी उत्साहाने वाचायला बसलो आणि जी परंपरा उचकटून पाहावी तिच्याखाली एखादा कादंबरीकार, गिरणीवाला किंवा सिनेमा निघू लागला.

किल्टचंच घ्या. नवरदेवाचा हा पोशाख बहुतेक वेळा भाड्याने आणतात, कारण अंगावर चढणाऱ्या वस्तूंची यादी रुखवतापेक्षा लांब. सुमारे आठ यार्ड लोकरी कापडाचा, मागे चुण्या घातलेला किल्ट. पुढे कमरेखाली लोंबणारं स्पॉरन, म्हणजे किल्टला खिसे नसतात त्याची भरपाई. गुडघ्यापर्यंत मोजे, मोज्यांना रंगीत फिती, घोट्यावर नाड्या गुंडाळायचे बूट. उजव्या मोज्यात स्कीन डू नावाची छोटी सुरी. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती बाळगायला कायद्याने मुभा आहे. विमानतळावरच्या तपासनिसाला मात्र राष्ट्रीय भावना नसतात, म्हणून सुरी सामानात टाकावी. वर ‘प्रिन्स चार्ली’ जाकीट, जे प्रिन्स चार्ली या अठराव्या शतकातल्या स्टुअर्ट राजपुत्राने जन्मात पाहिलं नाही.

आजच्यासारखा आखूड किल्ट तरी डोंगरातल्या योद्ध्यांचा असेल, असं वाटलं होतं. तर 1720 च्या दशकाच्या आसपास थॉमस रॉलिन्सन नावाचा लँकेशायरचा इंग्रज हायलँडमध्ये लोखंडाची भट्टी चालवत होता. अंगभर गुंडाळायचं लांबलचक पांघरूण नेसून मजुरांना भट्टीपाशी वावरता येईना, म्हणून त्याने ते कमरेशी कापवलं आणि चुण्या शिवून घेतल्या. थोडक्यात, कामगारांचा गणवेश. हा किस्सा ह्यू ट्रेव्हर-रोपर या इंग्रज इतिहासकाराने 1983 मध्ये फार चवीने मांडला आणि स्कॉटिश मंडळी भयंकर चिडली. आखूड किल्ट त्याआधीही होता, असं अनेक अभ्यासक म्हणतात. त्यांच्या बाजूने एवढंच सांगतो, की त्याच 1983 साली याच ट्रेव्हर-रोपरने हिटलरच्या म्हणून निघालेल्या रोजनिश्या अस्सल असल्याची ग्वाही दिली होती, आणि त्या धडधडीत बनावट निघाल्या. तेव्हा किल्टचा निकाल राखून ठेवू.

टार्टनची, म्हणजे त्या चौकटींच्या कापडाची, गंमत आणखी. प्रत्येक घराण्याची वेगळी चौकट ही बरीचशी गिरण्यांची कृपा. बॅनकबर्नचे विल्सन नावाचे विणकर चौकटींना आधी नुसते क्रमांक देत. गिऱ्हाईक नाव मागू लागल्यावर क्रमांकांना घराण्यांची नावं चिकटली. पुढे 1842 मध्ये दोन भावांनी प्राचीन हस्तलिखिताच्या आधारे म्हणून घराण्यांच्या टार्टनचं जाडजूड पुस्तक छापलं. आपण प्रिन्स चार्लीचे नातू आहोत, असंही ते सांगत. हस्तलिखित खोटं, नातं खोटं. त्यांनी दाखवलेल्या चौकटी मात्र आजही दुकानात मिळतात आणि लग्नात मिरवतात. आता तर 2009 पासून स्कॉटलंडात टार्टनची सरकारी नोंदवही आहे. नवी चौकट आखा, शुल्क भरा, नोंदवा. शिखांचं सिंग टार्टन आहे, ज्यूंचं आहे, मुसलमानांचं आहे. देशपांड्यांचं नाही.

हे मला एडिंबराच्या रॉयल माइलवरच्या दुकानात कळलं. तिथला मुलगा फार अदबशीर. त्याने माझं आडनाव अक्षर अक्षर विचारून यंत्रात घातलं, यंत्र बराच वेळ विचारात पडलं, मग तो म्हणाला की रॉयल स्टुअर्ट कुणीही घालू शकतं. राजघराण्याची चौकट सगळ्यांना खुली आणि स्मिथला मात्र स्वतःची वेगळी, हे मला अजून उमगलेलं नाही. मी माप दिलं. ताई, म्हणजे नवरीची आई, फोनवरून म्हणाली, “आत काय घालतात ते नीट विचारून घे बाबा, चारचौघांत शोभा नको.”

हा प्रश्न जगात प्रत्येक जण विचारतो. खरा स्कॉट आत काही घालत नाही, अशी ख्याती आहे. पण 2010 मध्ये टार्टनच्याच एका संस्थेच्या संचालकांनी या प्रकाराला पोरकट आणि आरोग्याला घातक म्हणून झापलं, आणि त्यांचा मुद्दा बिनतोड होता: किल्ट भाड्याचा असतो. मी ताईला एवढंच कळवलं, की आपण कोकणस्थांइतके काटकसरी नाही, आत घालू.

विधींकडे येऊ. आजच्या स्कॉटिश लग्नातला लाडका विधी म्हणजे हात बांधणं. वधूवरांच्या हातांवर टार्टनच्या पट्ट्या किंवा रंगीत दोऱ्या गुंडाळतात, लग्न लावणारी बाई चार शब्द बोलते, दोघं हात ओढून घेतात आणि आपोआप गाठ बसते. आपोआप म्हणजे आदल्या आठवड्यात गाऊनच्या नाडीवर तालीम केल्यावर. पाहुण्यांना हळू आवाजात सांगण्यात येतं, की पूर्वी असे हात बांधून जोडपं एक वर्ष आणि एक दिवस एकत्र राही, पटलं तर पुढे लग्न, नाही तर आपापल्या घरी. कथा छान आहे. पण ए. ई. अँटन या कायद्याच्या अभ्यासकाने 1958 मध्येच दाखवून दिलं, की अशा चाचणी-लग्नाला कायद्यात आधार नव्हता. हातात हात देणं म्हणजे साधा साखरपुडा. कथेचा प्रसार करण्यात कादंबरीकार स्कॉट यांचा हात होताच. उरलेलं काम 1995 मध्ये ‘ब्रेव्हहार्ट’ या सिनेमाने केलं. त्यात विल्यम वॉलेस हा स्कॉटिश लढवय्या रानात गुपचूप असं लग्न करतो. वॉलेसला मारलं 1305 साली, सिनेमात त्याच्या अंगावर किल्ट आहे, आणि चित्रीकरण बरंचसं आयर्लंडात झालंय. पण भाचीच्या होणाऱ्या नवऱ्याने तो लहानपणी कैक वेळा पाहिलेला. वाद घालून उपयोग नव्हता.

मग क्वेख. दोन कानांचा उथळ पेला, त्यातून दोघांनी व्हिस्की प्यायची. दोन्ही हात पेल्यात अडकले म्हणजे कुणी सुरी काढू शकत नाही, असं त्याचं समर्थन सांगतात. नवविवाहितांना ही खबरदारी लागावी, यातच विवाहसंस्थेविषयीचं सगळं शहाणपण आलं. मग शपथेचा दगड: हातात धरून वचनं द्यायची आणि दगड तळ्यात फेकायचा. मग पांढरं हेदर, म्हणजे तिकडच्या डोंगरांवरचं रानफूल. हे त्यातल्या त्यात पुराव्यानिशी आहे. 1855 मध्ये प्रशियाच्या राजपुत्राने बालमोरलच्या डोंगरावर ते तोडून व्हिक्टोरिया राणीच्या मुलीला दिलं आणि मागणी घातली. आणि अलीकडे घुबड. होय, शिकवलेलं घुबड मागच्या बाजूने उडत येतं, पायाला अंगठ्यांची पिशवी, आणि नवरदेवाच्या हातमोज्यावर उतरतं. कधी उतरतं, कधी तुळईवर जाऊन बसतं. हे ऐकून ताई आधी गप्प झाली आणि मग म्हणाली, की गाय चालेल. गायही मिळते. लांब केसांची हायलँड गाय, शिंगांत फुलं माळून, फोटोपुरती.

पायपर हवाच. बॅगपाइपला सूर नऊ आणि आवाज कमी-जास्त करायची सोय शून्य. वाजतं तेव्हा वाजतं. त्यामुळे वरातीला ते जगातलं सर्वोत्तम वाद्य आहे, आणि हे ओळखून उत्तराखंडच्या लोकांनी ते केव्हाच आपलंसं केलं. गढवाल-कुमाऊंच्या लग्नांत त्याला मशकबीन म्हणतात, आणि ते परदेशी आहे असं तिथल्या नवरदेवाला सांगून पाहा. ब्रिटिश पलटणींतून ते डोंगरात गेलं आणि डोंगराचंच झालं. उलट दिशेचा हिशेबही आहे: जगभरच्या बॅगपाइपपैकी पुष्कळ पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये बनतात. पायपरने ‘मेरीज वेडिंग’ ही चाल वाजवली की सगळे टाळ्यांनी ठेका धरतात. ते गाणं मुळात लग्नाचं नव्हेच. मेरी मॅकनिव्हन या गायिकेने 1934 मध्ये गेलिक गायनस्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, त्याच्या कौतुकासाठी ते रचलं गेलं. तिचं लग्न झालं पुढे काही वर्षांनी.

एव्हाना माझा एक ठोकताळा तयार झाला होता. जी परंपरा फोटोत देखणी दिसते ती हमखास नवी. खरी जुनी असते ती काळी, चिकट आणि वासाची. लग्नाच्या माहितीपत्रकात तिचं नाव नसतं.

तिला ब्लॅकनिंग म्हणतात. ॲबर्डीनशायर, ऑर्कनी आणि आसपासच्या ईशान्य-उत्तर भागात ती आजही जोरात आहे. लग्नाआधी काही दिवस मित्रमंडळी नवऱ्याला, नवरीला किंवा दोघांना गाठून पकडतात आणि काकवी, काजळी, पीठ, अंडी, पिसं, नासकं दूध, माशांची आतडी, जे हाताला लागेल ते अंगावर ओततात. मग उघड्या ट्रकमध्ये बसवून गावभर मिरवणूक, पातेली आणि पिंपं बडवत. ऑर्कनीत कर्कवॉलला मिरवणूक सेंट मॅग्नस कॅथेड्रलपुढच्या चौकात येते आणि जोडप्याला तिथल्या बाजारखांबाला प्लास्टिकच्या पातळ कागदाने गुंडाळून ठेवतात. मूळ प्रथा होती चुलीतल्या काजळीने पाय माखायची आणि धुवायची. कारणं दोन सांगतात: भुताखेतांची नजर लागू नये, आणि एवढं सोसलं की पुढचा संसार सोपा वाटावा. हळदीशी तुलना करायचा मोह झाला, पण हळदीने कांती उजळते, निदान तशी श्रद्धा आहे. इथे वास जायला तीन दिवस लागतात. या विधीचं पॅकेज कुणी विकत नाही, त्यासाठी पोशाख भाड्याने देणारा तर वेडाच म्हणायचा, आणि तरीही तो टिकला आहे. त्याला ना राजा लागला, ना कादंबरीकार. लागले ते फक्त निर्दय मित्र.

दुसरी अस्सल जुनी गोष्ट पेनी वेडिंग. गरिबाच्या लग्नात पाहुण्यांनी पैसा-दोन पैसे द्यायचे, त्यातून खाणंपिणं आणि वाजंत्री भागवायची, उरलं तर संसाराला. पाद्री मंडळींना ही गर्दी आणि दारू खपत नसे. सतराव्या शतकात त्यांनी निर्बंध घालून पाहिले, लोकांनी दाद दिली नाही. 1818 मध्ये विल्कीने त्याचं नामी चित्र काढलं. हाच तो राजाची विजार पुसणारा विल्की, आणि हे चित्रही काढून घेतलं होतं त्याच भावी चौथ्या जॉर्जने. आता निमंत्रणावर खाली बारीक अक्षरात मधुचंद्राच्या निधीचा दुवा असतो. ‘कृपया आहेर आणू नये’ छापून पाकिटाची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात वावगं काय वाटणार?

तारीख ठरवताना मात्र दोन्ही घरांची जुंपली. ताईला मे महिना हवा होता. शाळांना सुट्टी, सगळे मोकळे. तिकडची आजी ठाम: मेमध्ये लग्न म्हणजे पस्तावा. तिच्याकडे उदाहरणही तयार. स्कॉटलंडच्या मेरी राणीने बॉथवेल या सरदाराशी लग्न केलं 15 मे 1567 ला. त्याआधी तिच्या आधीच्या नवऱ्याचा खून झालेला, आणि तो बॉथवेलनेच केला अशी गावभर कुजबुज. राजवाड्याच्या फाटकावर कुणीतरी मे महिन्यातल्या लग्नांविषयीची लॅटिन ओळ लावून गेलं. बरोबर महिन्याने, 15 जूनला, राणी सरदारांच्या हाती सापडली आणि बॉथवेल पळाला. दोघांची पुन्हा भेट झाली नाही. माझ्या मते यात मे महिन्याचा दोष फारसा नाही. पण आजीपुढे कोण बोलणार. जून ठरला.

आणि जागा? इथे स्कॉटलंडला खरोखर मानलं पाहिजे. तिथला कायदा परवाना जागेला देत नाही, लग्न लावणाऱ्याला देतो. डोंगरमाथा, समुद्रकिनारा, पडका किल्ला, बोट, कुठेही लग्न लागतं. 2005 पासून मानवतावादी संस्थांच्या लोकांनी लावलेली लग्नंही कायदेशीर आहेत, देव असो वा नसो. कायद्याचा हा मोकळेपणा जुना आहे. इंग्लंडमध्ये 1754 पासून एकविसाच्या आतल्यांना आईबापांची संमती लागू लागली. स्कॉटलंडात मात्र मुलगा चौदाचा आणि मुलगी बाराची असली, दोघांनी साक्षीदारांपुढे ‘आम्ही नवराबायको’ म्हटलं, की झालं. इंग्लंडची पळालेली जोडपी सीमा ओलांडून पहिल्याच गावात घुसत. ते ग्रेटना ग्रीन. आपल्या आळंदीसारखंच, फक्त ज्ञानेश्वरांच्या जागी लोहाराची ऐरण. ऐरण खरी होती. लग्न लावणारा लोहार असेलच असं नाही. बाप घोडागाडीतून पोचेपर्यंत हातोडा पडलेला असे. 1856 मध्ये एकाने तरी 21 दिवस मुक्काम केलेला असावा अशी अट आली, 1940 मध्ये ऐरणीवरच्या लग्नांची कायदेशीर मान्यता गेली. पण लोक अजून हजारोंनी तिथे जाऊन लग्न करतात, आईबापांना बरोबर घेऊन, फोटोग्राफरसकट. पळून जाण्याचीही परंपरा झाली.

जेवणाबद्दल थोडक्यात. मेंढीच्या आतल्या अवयवांचं हॅगिस थाटात आणतात, रॉबर्ट बर्न्सची 1786 मधली कविता त्याला ऐकवतात आणि ठरावीक ओळीला त्यात सुरी खुपसतात. ताईने शाकाहारी हॅगिस घेतलं. ते एडिंबराच्या मॅक्स्वीन खाटकांनी 1984 मध्ये काढलं. माझं मत विचाराल तर ग्लासगोची हॅगिस पकोडा ही या विषयातली सर्वांत मोठी प्रगती आहे.

आणि रात्री ‘केली’. हे त्यांचं सामूहिक नाच-गाणं, आणि इथे मी टीका गुंडाळून ठेवतो. बॅण्डचा माणूस पायऱ्या ओरडून सांगतो, दोन रांगा होतात, आणि ‘स्ट्रिप द विलो’ सुरू झालं की कुणीतरी कोपरात कोपर अडकवून तुम्हाला भिरकावतं. पुढच्याने झेलायचं, फिरवायचं, पुन्हा भिरकवायचं. सत्तर वर्षांची आजी यात सर्वांत धोकादायक, कारण तिला सगळं येतं. तिथल्या शाळांत नाताळच्या आधी व्यायामाच्या तासाला हे नाच शिकवतात. मुलगा-मुलगी घामट हात धरून, जमिनीकडे बघत. म्हणून लग्नात बँकेतला साहेब, प्लंबर, नवरीचा बॉस कुणालाच काही समजावून सांगावं लागत नाही. माझी नाडी सुटली, चष्मा उडाला, एका अनोळखी बाईंनी दोन्ही पकडले. एवढा पुरावा मला पुरेसा आहे.

कायद्याला यातलं काहीच लागत नाही. नोटीस किमान 29 दिवस आधी निबंधकाकडे द्यायची, किमान सोळा वर्षांचे दोन साक्षीदार आणायचे, आणि लग्न लागल्यावर सही केलेला कागद तीन दिवसांत परत पोचवायचा. घाईत हा कागद नवरदेव जवळच्या एकमेव खिशात, म्हणजे स्पॉरनमध्ये ठेवतो. तेव्हा तिकडे लग्न करणाऱ्या किंवा लावून देणाऱ्या सर्व मराठी मंडळींना विनंती: सोमवारी पोशाख दुकानात परत करण्याआधी स्पॉरन उघडून पाहा.